मुलीला दोन आठवड्यांच्या सेवाकार्यासाठी आफ्रिकेत पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मलावीला जाणाऱ्या एका गटात तिचं नाव लागलंय, सोळा दिवसांचा कार्यक्रम, खर्च तीन लाखांच्या घरात. गट तिथल्या एका गावात बोअर घेऊन हापसा बसवणार आहे. ती तिथं सुरक्षित राहील का, आणि तिच्या हातून खरंच काही चांगलं होईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

सुरक्षित राहील. मलावी शांत देश आहे, माणसं मायाळू आहेत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा, मच्छरदाणीशिवाय झोपू नको म्हणावं, रात्रीचा गाडीप्रवास टाळावा, आणि सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी त्यात उतरू नये, बिलहार्झिया हा पाण्यातल्या कृमींचा आजार होतो. पहिल्या प्रश्नाचं एवढंच.

दुसऱ्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. मी साडेचार वर्षं मलावीत बोअरच्या गाडीवर सुपरवायझर होतो, आणि बाहेरून आलेल्या अशाच एका गटाचा हापसा माझ्या सहीनं बसलेला आहे.

आधी थोडं घरचं सांगतो. वडील सोलापूर जिल्हा परिषदेत हातपंप मेकॅनिक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जीपमध्ये मागं पाइपांवर बसून मंगळवेढ्याच्या, सांगोल्याच्या वाड्यावस्त्यांवर हिंडलोय. गाडी दिसली की बाया घागरी घेऊनच यायच्या. दुरुस्ती झाली की वडील स्वतः दांडा धरून चाळीस हापसे मोजायचे, तेवढ्यात बादली भरली पाहिजे. मग पाच मिनिटं दांड्याला कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. पाच मिनिटांनी परत हापसायचं. दोन-तीन हापशांत पाणी वर आलं तर ठीक, नाहीतर खालचा व्हॉल्व्ह गळतोय, परत सगळे पाइप वर. कितीही ऊन असो, जेवायची वेळ टळो, ती पाच मिनिटं त्यांनी कधी चुकवली नाहीत.

हा जो हापसा आपण गावोगाव बघतो, तो इंडिया मार्क टू. त्याच्या जन्मात आपल्या मातीचा वाटा आहे. साठीच्या दशकात आणि बहात्तरच्या दुष्काळात परदेशी संस्थांनी आपल्याकडे धडाधड बोअर मारले आणि त्यांच्याकडच्या घरगुती वापराच्या पंपांच्या धर्तीवरचे बिडाचे पंप वर बसवले. एका कुटुंबासाठी केलेला पंप, आणि त्यावर अख्खं गाव. पिनी झिजल्या, दांडे मोडले. 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. त्याआधीच जालन्याच्या मिशनमध्ये आणि पुढं सोलापुरात पोलादी पंप तयार झाले होते. सोलापूरचा पंप पाया धरून युनिसेफ आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीनं मार्क टू घडवला, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. आज तो आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत आहे. मला याचा अभिमान आहे, आणि माझी चूक याच अभिमानातून झाली.

2013 चा जुलै. माझा आतेभाऊ इंग्लंडात असतो, मी त्याला दादा म्हणतो. तो आणि त्याच्या ओळखीची मंडळी, त्यातले नऊ जण कॉलेजची मुलं, असे चौदा जण दोन आठवड्यांसाठी आले. पैसे त्यांनी गोळा केले होते, बोअर आमच्या कंपनीनं मारायचा होता. गाव डोवा जिल्ह्यात, डांबरी रस्त्यापासून तासाभराच्या कच्च्या वाटेवर. बोअर बेचाळीस मीटर, दीड दिवसात झाला, पाणी चांगलं लागलं. मुलांनी ओट्यासाठी खडी वाहिली, सिमेंट कालवलं, सांडपाण्याची नाली काढली, संध्याकाळी गावातल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळली. मुलं मनापासून राबत होती, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

दादानं मार्क टू भारतातून मागवला होता. "आपल्या सोलापूरचा पंप आफ्रिकेत बसवायचा," हे त्यानं इंग्लंडात लोकांना सांगून पैसे जमवले होते. आता मलावीत सरकारनं ठरवलेला पंप आहे आफ्रिडेव. त्याचं काम ऐंशीच्या दशकात मलावीतच सुरू झालं आणि पुढं केनियात पूर्ण झालं, गावकऱ्यांना स्वतः दुरुस्त करता यावा याच हेतूनं. दोन्हींतला फरक कागदावर लहान दिसतो. मार्क टूच्या पिस्टनवरचं झिजणारं वायसर बदलायचं तर अख्खी पाइपलाइन वर काढावी लागते. आमच्या त्या बोअरमध्ये लोखंडी पाइप बारा, रॉड बारा, वर आत भरलेलं पाणी, म्हणजे जवळजवळ दोनशे किलो. त्याला पाइप उचलायला लिफ्टर लागतो, धरून ठेवायला व्हाइस लागतो, चार-पाच जाणती माणसं लागतात. आफ्रिडेवचे पाइप जागेवरच राहतात. आतले रॉड एकमेकांत अडकवलेले असतात, ते हातानं ओढले की पिस्टन वर येतो. एक पाना पुरतो. दोन बाया अर्ध्या दिवसात वायसर बदलतात.

मला हे सगळं माहीत होतं. दादाला मी एकदा म्हणालो, "इथं आफ्रिडेव चालतो." तो म्हणाला, "अरे, मामांनी जन्मभर हाच दुरुस्त केला, आणि तूच नाही म्हणतोस?" मी गप्प बसलो. टूल-सेटचे पैसे यादीतून कमी झाले तेव्हाही बोललो नाही, "तुमच्या कंपनीकडं आहेत की," एवढ्यावर तो विषय मिटला. त्या भागातला मेकॅनिक सायकलवरून मुद्दाम पंप बघायला आला होता. आजूबाजूच्या गावांचे आफ्रिडेव तोच सांभाळायचा. पंपाभोवती दोन फेऱ्या मारून त्यानं विचारलं, "याचं वायसर मी कुठून आणू?"

मी म्हणालो, "मी आहे ना."

चार महिन्यांत माझी बदली उत्तरेला मझुझूकडे झाली.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात राजधानी लिलाँग्वेला जाताना वाकडी वाट करून मी त्या गावात गेलो. पंप जूनपासून बंद होता. दांडा वर-खाली व्हायचा, पाणी यायचं नाही, म्हणजे वायसर गेलेलं. बाया परत डांबोतल्या खड्ड्यावर जात होत्या. डांबो म्हणजे सखल पाणथळ गवताळ जमीन, तिथं हाताने उकरून केलेला झरा असतो, गुरंही तिथंच पितात. ओटा मात्र झाडून लख्ख ठेवलेला. दांड्याला कापडाची चिंधी बांधलेली, पोरांनी उगाच हापसून मोडू नये म्हणून. पाणी समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, तिकडच्या रीतीनं मी त्यांना आमायी म्हणायचो. मी विचारलं, मेकॅनिकला उघडायला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तुमच्या माणसांनी एवढ्या प्रेमानं बसवलेला. आम्ही उघडला आणि बिघडला तर तुम्हाला राग येईल असं वाटलं."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तिथून दादाला फोन केला. तो म्हणाला, फोटो पाठव, ग्रुपमध्ये टाकतो, पुढच्या वर्षीच्या टीमला सांगतो. पुढच्या वर्षीची टीम दुसऱ्या गावाला गेली. सोलापूरहून येणाऱ्या एका मित्राच्या बॅगेतून मी वायसर मागवले, दोन अंकी रुपयांची वस्तू. नोव्हेंबरात कंपनीकडून लिफ्टर मागून घेतला, चार पोरं घेतली आणि एका रविवारी पंप चालू केला. चाळीस हापसे मोजले, पाच मिनिटं थांबलो.

त्यानंतर दोन वर्षांनी पंढरपुरात एका लग्नात हा विषय सगळ्या नातेवाइकांसमोर निघाला. दादा म्हणाला, "तू पगार घेऊन गेलास. आम्ही रजा टाकून, पदरचे पैसे घालून गेलो. काहीच न करण्यापेक्षा आम्ही काहीतरी केलं की नाही?" मला तिथं उत्तर सुचलं नाही. आत्याबाई होत्या, सोयरे होते, मी उठून पाणी प्यायला गेलो. आज ते उत्तर देतो, कारण तुमची मुलगी परत आल्यावर तुम्हालाही लोक हेच सांगतील.

नाही, काहीच न करण्यापेक्षा ते बरं नव्हतं. पंप बसला त्याच महिन्यात जिल्ह्याच्या यादीत त्या गावापुढं 'पाण्याची सोय झाली' असं लागलं. पुढच्या वर्षी सरकारी योजनेत त्या पट्ट्यात बोअर आले, सोबत आफ्रिडेव, दोन बायांचं प्रशिक्षण, सुट्या भागांची पेटी. शेजारच्या दोन गावांना मिळालं. या गावाचा नंबर लागला नाही, कारण यादीप्रमाणे त्यांना पाणी होतं. दादा, तुमच्या पंपानं त्यांची पाळी घेतली. हे मी तेव्हा तोंडावर बोलायला हवं होतं, आणि त्याच्याही आधी, पंप ट्रकमधून उतरताना बोलायला हवं होतं.

हे एका गावापुरतं नाही. आफ्रिकेतल्या वीसेक देशांचे आकडे 2009 मध्ये एकत्र केले तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हातपंप बंद होते. आणि घोळ साध्या गटांचेच होतात असंही नाही. प्लेपंप नावाचा प्रकार होता, मुलांनी चक्रीवर खेळायचं आणि त्या फिरण्यानं पाणी टाकीत चढायचं. 2006 मध्ये अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर झाले, चार हजार पंपांचं उद्दिष्ट होतं. पुढं गार्डियन वृत्तपत्रानं हिशोब मांडला की ठरवलेलं पाणी मिळायला मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. मोझांबिकमध्ये मुलांऐवजी बायाच ती चक्री ढकलत बसल्या, आणि अनेक ठिकाणी आधीचा चालता हातपंप काढून ती बसवलेली होती.

म्हणून तुमच्या मुलीला म्हणावं, पैसे भरण्याआधी गटाला लेखी विचार: पंप कुठला बसवणार? तो त्या देशात सगळीकडे चालणारा आहे का? त्याचं वायसर सगळ्यात जवळ कुठल्या दुकानात मिळतं? तुम्ही निघून गेल्यावर तो दुरुस्त कोण करणार, आणि त्या माणसाला तुम्ही भेटलात का? तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपाचं आज काय चाललंय? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून उद्घाटनाचा फोटो आला तर पैसे भरू नका. ती मुलगी इंजिनिअरिंगची आहे, तिला हे प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. तिथं गेलीच तर सिमेंट कालवण्यात दिवस घालवू नये, ते काम तिथले गवंडी तिच्यापेक्षा चांगलं करतात आणि त्यांना मजुरीची गरज आहे. तिनं मेकॅनिकच्या मागं सायकलवर बसून चार गावं फिरावीत आणि कुठला पंप कशानं बंद पडलाय ते लिहून काढावं. तशी एक वही दादाच्या टीमकडं असती तर त्यांनी मार्क टू मागवलाच नसता, याची मला खात्री आहे.

आता थोडं सावरून सांगतो, नाहीतर माझं बोलणं एकांगी वाटेल. मी पाण्याच्या कामाबद्दलच बोलतोय. भूकंप, पूर, साथ यांत बाहेरून धावून जाणाऱ्या डॉक्टर-नर्सची गोष्ट वेगळी. वर्ष-दोन वर्षं राहून भाषा शिकून काम करणारेही मी पाहिलेत, त्यांच्यापुढं मी हात जोडतो. परदेशी माणसांनी जालन्या-सोलापुरात येऊन काम केलं म्हणून तर मार्क टू झाला, हेही खरं, पण ती माणसं इथंच राहिली आणि आधीचे पंप मोडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आणि मी गावात दोन-चार वेळा जाऊन आलो म्हणून मला सगळं कळतं असाही दावा नाही. पगार घेऊन गेलो होतो, दादाचं तेवढं म्हणणं बरोबर आहे.

तीन लाखांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. त्यातला मोठा भाग विमानाचा असतो. तेवढ्या पैशात आपल्याच दुष्काळी जत-आटपाडीकडे मुलगी दोन महिने राहू शकेल. पण तिला मलावीच बघायचं असेल तर बघू द्या, देश बघायलाच जातेय असं सांगून जाऊ द्या. त्यात काही वाईट नाही.

2015 मध्ये मलावी सोडण्याआधी मी त्या बोअरवरचा मार्क टू काढला आणि आफ्रिडेव बसवला. दोन पगार गेले. सायकलवाल्या मेकॅनिकनं आमायींना आणि दुसऱ्या एका बाईंना तीन दिवस शिकवलं. तिसऱ्या दिवशी आमायींनी स्वतः रॉड ओढून पिस्टन वर काढला, जुनं वायसर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, नवं चढवलं आणि परत खाली सोडलं. चाळीस हापसे त्यांनीच मोजले, त्यांच्या चिचेवा भाषेत. मी पाच मिनिटं थांबा म्हणायच्या आत त्यांनी पोरांना दांड्यापासून लांब केलं होतं, मेकॅनिकनं ते आधीच सांगून ठेवलं होतं.

दादा, ओट्यावरची तुमच्या चौदा जणांच्या नावांची पाटी मी काढलेली नाही, ती तशीच आहे. पंप कुठला आहे ते मात्र बदललंय. हे तुला नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं.