बाल्साचे विमान नाकावर का आपटते?

प्रश्न : सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने बाल्सा लाकडाचे, हाताने फेकायचे विमान तयार केले आहे. सोडल्याबरोबर ते नाक वर करून चढते, क्षणभर थबकते आणि नाकावर आपटते. जोराने फेकल्यास अधिकच चढते. पंख मोठे करावेत का? – एक पालक, सातारा

उत्तर : पंख बदलण्याची घाई करू नये. आपण सांगितलेली लक्षणे पाहता हा दोष बहुधा तोलाचा आहे. नाक फार वर गेले की वेग मंदावतो, पंखावरून सुरळीत वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, उचल एकाएकी घटते आणि विमान कोसळते. पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना खालून बोटांची टोके टेकवून विमान उचलून पाहावे. शेपटी खाली झुकली, तर नाकाला वजन हवे. त्यासाठी शाडू वापरू नये, कारण वाळताना तिचे वजन घटते आणि सकाळी साधलेला तोल संध्याकाळी बिघडतो. मुलांची तेलकट खेळमाती उत्तम.

तोल साधूनही नाक वर जात असेल, तर शेपटीचा कोन तपासावा. १८७१ साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकाने पिळलेल्या रबराच्या जोरावर उडवलेले छोटे विमान सुमारे ११ सेकंदांत ४० मीटर गेले, ते याच जाणिवेमुळे : त्याने शेपटी मुख्य पंखापेक्षा किंचित कमी कोनात बसवली होती आणि पंखांची टोके वर वळवली होती, त्यामुळे झोका बसला तरी विमान आपोआप सावरत असे. मात्र कोनांतला हा फरक गरजेपेक्षा जास्त झाला, की नेमका आपल्या विमानासारखाच दोष दिसतो. अशा वेळी शेपटीची मागची कड केसभर खाली वाकवावी.

चाचणी पहाटे, वारा पडलेला असताना, गवतावर घ्यावी. विमान खांद्याच्या उंचीवरून, नाक अगदी थोडे खाली ठेवून, समोर हलकेच सोडावे. वर भिरकावू नये. एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर किमान तीनदा सोडावे आणि अंतर पावलांनी मोजून वहीत लिहावे. मुलीलाच लिहू द्यावे. मातीची गोळी किती वाढवली आणि उड्डाण किती लांबले, हा संबंध तिच्या स्वतःच्या आकड्यांतून तिला दिसणे मला फार मोलाचे वाटते.

सरळ न जाता विमान नेहमी एकाच बाजूला वळू लागले, तर मागून डोळ्यांच्या रेषेत धरून पंखाला पीळ पडला आहे का, ते पाहावे. असल्यास तो भाग किटलीच्या वाफेवर धरून उलट दिशेने हलकेच पिळावा आणि गार होईपर्यंत तसाच धरावा. हे काम मात्र आपण स्वतः करावे.