लंडन ते पॅरिस अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो? एका साइटवर सव्वा तास दिसतो, दुसरीकडे सव्वादोन. खरं काय?

दोन्ही खरं. सरळ रेषेत अंतर साधारण ३४४ किलोमीटर. विमानाला सव्वा तास, त्यातही हवेत जेमतेम पाऊण. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे, म्हणून कुठे सव्वादोन दिसतात. झालं तुमचं उत्तर. पण हा सव्वा तास किती फसवा असतो, ते आमच्या साडूभाऊंना विचारा. नको, मलाच विचारा.

२०१९चा मे महिना. दोन कुटुंबं, सहा माणसं, त्यात सासूबाई. मी म्हणत होतो युरोस्टारने, म्हणजे लंडन-पॅरिस थेट ट्रेनने जाऊ. साडूभाऊ ल्यूटन विमानतळाहून विमानाची स्वस्तातली तिकिटं काढून मोकळे झाले. वर मलाच, "सव्वा तासाच्या प्रवासाला ट्रेन कशाला?"

ल्यूटन म्हणायला लंडन. शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. तिथली लोकल आम्ही पहाटे साडेपाचला पकडली ती सेंट पँक्रसहून. युरोस्टार सुटते तेच स्टेशन! मी तोंड उघडणार होतो, पण बायकोने डोळे मोठे केले. पुढे ल्यूटन एअरपोर्ट पार्कवेला उतरून टर्मिनलपर्यंत बस, तिचे पैसे वेगळे.

सिक्युरिटीत सासूबाईंची हँडबॅग बाजूला काढली. आत हॉर्लिक्सच्या बाटलीत कैरीचं लोणचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड. तेव्हा १०० मिलीच्या वर पातळ काही चालत नव्हतं. सासूबाईंनी झाकण उघडून दाखवलं, फोडी आहेत, पातळ कुठंय? तपासणाऱ्या मुलीने बाटली जरा तिरकी केली, तर लाल तेल काठापर्यंत आलं. बाटली गेली कचऱ्यात. तिचं काही चुकलं नाही, नियमच तो होता. ट्रेनला मात्र ही १०० मिलीची भानगडच नाही.

विमान अगदी वेळेवर. पण तिथला शार्ल द गोल विमानतळ पॅरिसपासून पंचवीस किलोमीटर. पासपोर्ट, बॅगा, तिकिटं, मग आरईआर बी ही लोकल, आणि उतरलो कुठे? गार द्यु नॉर स्टेशनला. म्हणजे युरोस्टार जिथे आणून सोडते तिथेच! स्टेशनच्या घड्याळात पावणेएक. पॅरिसचा पुढचा एक तास वजा केला तरी एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात जायला सव्वासहा तास. ट्रेनला सव्वादोन-अडीच लागतात. तासभर आधी जाऊन बसलात तरी साडेतीन. शिवाय फ्रेंच पोलिस पासपोर्ट लंडनलाच तपासतात, पॅरिसला उतरलं की सरळ बाहेर.

हां, युरोस्टारचं तिकीट आयत्या वेळी काढलंत तर डोळे पांढरे होतात, आणि सहा जणांचं असेल तर विमान स्वस्त पडतं हे मान्य. मुंबईहून हीथ्रोला उतरून त्याच तिकिटावर पुढचं विमान असेल, तर गुमान विमानानेच जा, बॅगही परस्पर जाते. नाहीतर निदान तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचा. नुसतं 'लंडन' वाचून भागत नाही.

साडूभाऊंचा हिशोब अजून तोच: विमान सव्वा तासातच पोचलं होतं. मागच्या दिवाळीत भरल्या पंगतीत पुन्हा म्हणाले. सासूबाईंनी ऐकलं, आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.