बाग-सल्ला: रोपं शेजारी जातात, पण टिकत का नाहीत?

प्रश्न : आमच्या कॉलनीत पाणी टँकरचं. तरी माझी बोगनवेल, सदाफुली, कोरफड उन्हाळा काढतात. ते पाहून शेजारणी फांद्या-रोपं मागून नेतात. महिन्याभरात सगळं वाळून जातं. काय चुकतं? (वाचक, लातूर)

उत्तर : बहुतेक वेळा मुहूर्त चुकतो. तुमची बाग डोळ्यांत भरते ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणून मागणीही तेव्हाच होते. पण ही झाडं कमी पाण्यावर जगतात ती मुळं नीट रुजल्यावर. पहिला उन्हाळा त्यांनाही पाणी लागतंच. तेव्हा नावं लिहून ठेवा आणि रोपं जून-जुलैत, जमीन चांगली भिजल्यावर द्या.

बोगनवेलीची नुसती फांदी देऊ नका. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी डोळ्याच्या खाली तिरकी कापा, खालची पानं काढा आणि दोन डोळे मातीत जातील अशी पिशवीत लावा. निम्मी वाळू, निम्मी माती. सावलीत सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. वर पालवी फुटली म्हणजे मूळ फुटलं असं नाही. पिशवीच्या भोकांतून मुळं दिसली की मगच हातावर ठेवा.

कोरफडीचं उलट. तिची पिल्लं काढून तीन-चार दिवस सावलीत पडू द्या, जखम सुकू द्या, मग लावा. काढली तशी लावून लगेच पाणी घातलं की काळ्या मातीत ती सडतात. सदाफुलीही तहानेपेक्षा मायेनंच जास्त मरते. तिच्यासाठी मातीत एक तृतीयांश मुरूम किंवा वाळू मिसळा आणि वाफा अर्धा फूट उंच करा.

रोपासोबत पाण्याचं गणितही सांगा: रोज तांब्याभर नको. चार दिवसांनी दोन लिटर, तेही बोट खुपसून दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच.

प्रश्न : झाडांमध्ये माठ पुरलेत. पहिलं वर्ष छान गेलं, आता पाणी झिरपतच नाही. शेजारी म्हणतात, हे खूळ आहे. (वाचक, जालना)

उत्तर : पाणी बोअरचं असणार. त्यातल्या क्षारांनी माठाची छिद्रं बुजतात. माठ काढून काथ्यानं घासा, रात्रभर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवा आणि स्वच्छ धुवा. मग भरून कोरड्या जागी ठेवा. काही तासांत बाहेरून ओल आली नाही तर तो बाद. नवा घेताना रंग किंवा चकाकी नसलेला घ्या. गळा मातीच्या दोन बोटं वर ठेवा, रोपं माठापासून वीतभरात लावा. शेवग्याजवळ मात्र पुरू नका, मुळं माठ फोडतात.

झाकणी घट्ट हवी. उघड्या माठात डास झाले आणि गल्लीत डेंग्यूची कुजबुज सुरू झाली, तर तुमची पद्धत कोणी उचलणार नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

प्रश्न : सोसायटीतलं लॉन काढायला कमिटी तयार नाही. (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : बैठकीत विषय मांडण्याआधी टँकरचा हिशेब मांडा. मे महिन्यात लॉन हिरवं ठेवायला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे हजार चौरस फुटांना दहा दिवसांत जवळपास पाच हजार लिटरचा एक टँकर. मग फक्त फाटकाजवळचा दहा बाय तीन फुटांचा पट्टा मागा. एवढ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिथे बोगनवेल, अडुळसा, गवती चहा लावा. कण्हेर टाळा, ती विषारी आहे आणि फाटकाशी पोरं खेळतात. वर सोयाबीनचं भुसकट तीन-चार इंच पसरा, पण पाऊस होऊन माती भिजल्यावर. कोरड्या मातीवर पसरलं तर हलक्या सरीचं पाणी भुसकटच पिऊन टाकतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.

प्रश्न : वॉशिंग मशीनचं पाणी चालेल का? (वाचक, परभणी)

उत्तर : शेवटच्या खळबळणीचं चालेल, तेही जमिनीतल्या मोठ्या झाडांना आणि आलटून-पालटून. पहिलं साबणाचं पाणी नको. त्यातल्या सोडियममुळे काळी माती चिकटून घट्ट होते आणि मग पावसाचं पाणीही आत मुरत नाही. कुंड्यांना तर अजिबात घालू नका.