कमी जीपीए चांगल्या एलसॅटने भरून निघतो का?

अमेरिकेत कॉलेज आणि लॉ स्कूलच्या प्रवेशात परीक्षेच्या गुणांना किती वजन असतं आणि जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी) बेताचा असेल तर एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) तारतो का, असं तुम्ही विचारलंय.

कॉलेजचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे संस्थेगणिक नियम बदलतो. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये सॅटसारखी कॉलेज प्रवेश परीक्षा पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाही. गुण पाठवणं ऐच्छिक असेल तर त्या कॉलेजची मधल्या ५० टक्के विद्यार्थ्यांची गुणमर्यादा बघा. तिच्या खालच्या टोकाच्याही खाली असाल तर सहसा न पाठवलेलेच बरे.

लॉ स्कूलमध्ये गुणांचं वजन फार जास्त. एलसॅट १२० ते १८० मध्ये मोजतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला दरवर्षी ‘५०९ रिपोर्ट’ जाहीर करावा लागतो. त्यात प्रवेश घेतलेल्यांच्या एलसॅट आणि जीपीएचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइल असतात. यातला ५० वा, म्हणजे मीडियन (मधला आकडा), लॉ स्कूलांच्या क्रमवारीत धरला जातो, म्हणून प्रवेश समिती त्याला जिवापाड जपते. समजा मीडियन १६८ आहे. मग १६७ वरून १६८ वर जाण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा १६३ वरून १६६ वर जाऊन पडत नाही, कारण मीडियनच्या हिशेबात १६३ आणि १६६ दोन्ही खालचेच.

तुमचं उत्तर यातच आहे. जीपीए मीडियनखाली पण एलसॅट वर, अशा अर्जदाराला ‘स्प्लिटर’ म्हणतात. तो लॉ स्कूलचा एक आकडा सावरतो, म्हणून त्याला खरीखुरी संधी असते. दोन्ही आकडे खाली असतील तर बाकीचा अर्ज विलक्षण हवा.

जीपीए एलसॅक (एलसॅट घेणारी संस्था) स्वतः नव्याने काढते आणि पहिली पदवी मिळाल्यानंतरचे ग्रेड त्यात धरत नाही. पदवी झाली की तो आकडा गोठला. हातात उरतो एलसॅट. पदवी अमेरिका-कॅनडाबाहेरची असेल तर सहसा जीपीएचा आकडा निघतच नाही, फक्त शेरा मिळतो. मग सगळा भार एलसॅटवर येतो.

पुन्हा परीक्षा द्यायला घाबरू नका. ५०९ रिपोर्टमध्ये प्रत्येकाचे सर्वाधिक गुणच धरले जातात. मात्र आयुष्यभरात सातच वेळा बसता येतं, आणि रद्द न केलेले सगळे गुण शाळेला दिसतात. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमध्ये लॉजिक गेम्स (तर्काच्या कोड्यांचा भाग) नाहीत, तेव्हा जुनी पुस्तकं घेताना तो भाग सोडून द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

गुण मीडियनच्या चांगले वर असतील तर शिष्यवृत्तीसाठी घासाघीस जरूर करा. पण ती सशर्त, म्हणजे ठरावीक ग्रेड राखले तरच टिकणारी, आहे का, हे आधी विचारा. किती जणांची सशर्त शिष्यवृत्ती कमी झाली किंवा गेली, तेही त्या शाळेला जाहीर करावं लागतं.