लिस्ट लागेना, घर थांबलंय

ताई,
आम्ही बेळगावात, वडगावला राहतो. मुलगा मार्चमध्ये सहा पूर्ण झाला. दोन वर्षं गल्लीतल्याच बालवाडीत गेला. पहिलीसाठी कॅम्पातल्या एका इंग्रजी शाळेत फॉर्म भरलाय. मार्चअखेरीस त्यांनी मुलाला आणि आम्हाला बोलावून घेतलं, प्रश्न विचारले. लिस्ट एप्रिलमध्ये लागणार होती. मग म्हणाले मेच्या पहिल्या आठवड्यात. आता म्हणतात, ‘आम्ही फोन करू.’ फोन हातातून सुटत नाही. स्वयंपाक करतानाही ओट्यावर असतो. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणाचं तरी ‘कन्फर्म’ येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

आमचे हे उद्यमबागला फौंड्रीत आहेत. म्हणतात, ‘मी मराठी शाळेतच शिकलो, माझं काय अडलं?’ मी रागात बोलून गेले, ‘अडलं नसतं तर अजून शिफ्टमध्ये राबला असता काय?’ तेव्हापासून घरात अबोला आहे. सासूबाईंचं एकच, ‘कशाला वाट बघत बसलाय गं? गल्लीतल्या शाळंत घाला की.’ जाऊबाईंच्या धाकट्याचं त्याच इंग्रजी शाळेत झालं, त्यांनी पेढे वाटायला बोलावलंय, मला जाववत नाही. दिरांच्या ओळखीचा एक माणूस चाळीस हजारांत काम करून देतो म्हणतोय. कुणी सांगतं आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, फुकट मिळतं. परवा किराणा दुकानात काकांनी मुलाला विचारलं, ‘कुठल्या शाळेत घातलं रे?’ तर म्हणाला, ‘मला अजून घेतलं नाही.’ आणि माझ्या मागं लपला. काय करू?
— वडगावची एक आई

वडगावच्या आई,

फौंड्रीवाल्या वाक्याकडे नंतर येते. आधी किराणा दुकान.

तुम्ही पानभर लिहिलंत, त्यात सगळ्यात काळजीची गोष्ट शेवटच्या दोन ओळींत आहे. लिस्ट लागली नाही, हे मोठ्या माणसांचं काम अडलंय. पण तुमच्या मुलाने त्याचा अर्थ लावलाय की तो गेला, त्याने उत्तरं दिली आणि ती पसंत पडली नाहीत. त्याला हे कुणी सांगितलं नसेल. घरात तेच ऐकू येतं, एवढंच. ओट्यावरचा फोन वाजला की तुम्ही कशा धावता, ते तो बघतो. ‘त्या दिवशी रंगांची नावं नीट सांगितली असतीस तर’ असं एखाद्या वेळी तोंडातून गेलंही असेल. गेलं असेल तर आजपासून बंद. ‘माय नेम इज’ची उजळणीही बंद, आता ती कुणी ऐकणार नाही. त्याला आज संध्याकाळी सरळ सांगा की तू शाळेत जाणारच आहेस, जूनला जाणार आहेस, दप्तर घ्यायला आपण जाऊ. कुठली शाळा ते आई-बाबा ठरवतायत. हे खोटं नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी शाळेला नाही म्हणता येत नाही. वर्ग सुरू झाल्यावर गेलात तरी नाही. जन्मदाखल्यातली एखादी गोष्ट राहिली म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. तो घरी बसणार नाही, हे तुम्ही स्वतःला आधी पटवा, मग त्याला सांगताना आवाज कापणार नाही.

वयाचंही तुमच्या बाबतीत काही अडत नाही. कर्नाटकात पहिलीसाठी 1 जूनला सहा पूर्ण हवीत, तो मार्चमध्येच झालाय. ज्यांची मुलं दोन-तीन महिन्यांनी कमी पडतात त्यांचे हाल मी ऐकते. 2025 मध्ये सरकारने त्या एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांचं मूलही चालेल अशी सूट दिली, तेव्हा काही घरांत दिवाळी झाली आणि जे आधीच एक वर्ष थांबून बसले होते ते चडफडले. तुम्ही त्या रांगेत नाही, एवढं तरी बरं.

आता लिस्ट का लागत नाही ते. इंग्रजी शाळांत खरा प्रवेश एलकेजीला होतो. पहिलीत त्यांचीच यूकेजीची मुलं वर सरकतात आणि बाहेरच्यांसाठी उरतात त्या शिल्लक जागा. त्या किती, हे ऑफिसलाही लवकर कळत नाही, कारण बरेच पालक दोन शाळांत पैसे भरून ठेवतात आणि शेवटच्या आठवड्यात एक सोडतात. कॅम्पात तर लष्कराच्या आणि हवाई दलाच्या बदल्यांवर येणारी-जाणारी मुलंही असतात, त्यामुळे शाळा सुरू झाल्यावरही एखादी जागा निघू शकते. सीबीटी बसस्टँडवर बस भरून गेली तर आपण आपल्यात काय कमी होतं ते शोधत बसत नाही, इथंही शोधू नका. ‘फोन करू’ म्हणणारा कारकून तुमच्यापासून काही लपवत असेलच असं नाही, त्याच्याकडेच सांगण्यासारखं काही नसेल.

म्हणून एक करा. ऑफिसात जाऊन, फोनवर नव्हे, तीन गोष्टी विचारा. बाहेरच्या मुलांसाठी पहिलीच्या जागा आहेत का, वेटिंगला आमचा नंबर कितवा, आणि फी भरायची शेवटची तारीख कुठली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं, कारण त्या तारखेनंतरच जागा मोकळ्या होतात. त्यानंतर आठवडाभर थांबा आणि मग थांबणं संपवा. तारीख नवराबायकोने मिळून ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करून ठेवा. ग्रुप म्यूट करा. त्या ग्रुपवर ज्यांचं झालं तेच बोलतात, ज्यांचं राहिलं ते तुमच्यासारखेच गप्प बसून वाचतात.

आरटीईची आशा मात्र सोडा. 2019 पासून कर्नाटकात खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा या कायद्याखाली तिथंच मिळतात, जिथं जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही. वडगावात तशी अडचण नाही, गल्लीतलीच शाळा तुमच्या अर्जाच्या आड येईल. हायकोर्टातही तो बदल टिकला. शिवाय अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तर हा कायदाच लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलंय आणि कॉन्व्हेंट शाळा बहुधा त्यातच येतात. तेव्हा ‘फुकट मिळतं’ म्हणणाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

आता ते वाक्य. तुम्ही रागात बोललात, पण नवऱ्याच्या शिक्षणाला नाही, त्याच्या कामाला हात घातलात. फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहून आणलेल्या पगारातूनच ती फी जाणार आहे. त्यामुळे माफी तुम्ही मागायची, आणि ‘मी बोलले पण तुम्हीपण’ असली अर्धी नको. जेवायला वाढताना नको, सासूबाईंसमोरही नको. शिफ्टवरून आल्यावर आंघोळ-चहा होऊ द्या आणि गच्चीवर जा.

तिथं गेल्यावर त्यांचंही ऐका. मला वाटतं ते मराठी शाळेची बाजू कमी मांडतायत आणि ‘मी कमी पडलो का’ हे जास्त विचारतायत. थोडं मागचं सांगते. त्यांच्या पिढीच्या आई-वडिलांना आजच्यासारखी निवडच नव्हती. 1994 साली सरकारने आदेश काढला होता की चौथीपर्यंत शिक्षण मातृभाषेत नाहीतर कन्नडमध्ये. त्यावर संस्था कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं खटला चालला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारला माध्यम लादता येणार नाही, ते पालक ठरवतील. म्हणजे ते गल्लीतल्या शाळेत गेले ते कुणी त्यांना कमी लेखलं म्हणून नव्हे. आणि तुम्ही इंग्रजी म्हणता म्हणजे मराठी विसरलात असंही नव्हे. पूर्वी जे भांडण सरकार आणि संस्थांमध्ये होतं ते आता तुमच्या माजघरात आलंय. सीमाभागातल्या मराठी शाळा टिकवायची जबाबदारी तुमच्या एका पोराच्या दप्तरात कुणी कोंबत असेल तर ती घेऊ नका. तसं भाषण करणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत, ते मी विचारत नाही.

तरी सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. तुम्ही त्या शाळेला दुसरा पर्याय म्हणता, पण लग्न होऊन वडगावात आल्यापासून तिच्या आत कधी गेलात का? पत्रावरून वाटतं, नाही. सध्या सुट्टी आहे, वर्ग भरलेले दिसणार नाहीत, पण प्रवेशासाठी हेडमास्तर किंवा एखाद्या बाई भेटतात. नवऱ्याला बरोबर न्या. वर्ग किती आणि शिक्षक किती ते विचारा. कायमचे किती, अतिथी शिक्षक किती, पहिली-दुसरी एकत्र बसवतात का, कन्नड कोण शिकवतं, इंग्रजी किती वेळ असतं. संडास बघा, पाणी येतं का ते नळ सोडून बघा. सातवी झालेली मुलं पुढे कुठल्या हायस्कूलला गेली, ते गल्लीतल्या आयांना विचारा, शाळेपेक्षा त्या खरं सांगतील. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण मिळतं, एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या समितीवर, पालकांना घेतात, म्हणजे कमी असेल तिथं बोलायला जागा असते. पण पाच वर्गांना दोन शिक्षक असतील आणि जूनमध्येही नवा येणार नसेल, तर जुन्या आठवणींवर मुलाला तिथं घालू नका. हे सासूबाईंनाही तसंच सांगा. त्यांचा मुलगा शिकला ती शाळा भिंतींनी तीच असेल, पण आतली माणसं कधीच निवृत्त झाली.

आणि हीच तपासणी इंग्रजी शाळेचीही करा. जाऊबाईंकडे पेढे खायला जा. नाही गेलात तर पुढची दहा वर्षं गौरी-गणपतीला त्याची आठवण निघेल. गेल्यावर त्यांच्या मोठ्याची वही मागून घ्या, तो तिथंच शिकत असेल तर. दुसरी-तिसरीची वही उघडा, होमवर्क कुणाच्या अक्षरात आहे बघा. ट्यूशनला किती जातात, व्हॅनचे किती, डोनेशन कुठल्या नावाखाली घेतलं, पावसात वडगावातून कॅम्पात पोचायला पोराला किती वाजता उठवतात. जाऊबाई खूश आहेत, आज सगळं सांगतील. मग तुमच्या घरात संध्याकाळी इंग्रजीतून शिकवायला कोण बसणार याचा हिशेब करा. तुम्ही बसू शकत असाल तर चांगलंच. नसाल तर ट्यूशनची फी आजच फीमध्ये मिळवा आणि आकडा नवऱ्यासमोर ठेवा. लपवू नका.

कन्नडची चिंता दोन्हीकडे सारखीच. 2015 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं झालंय, त्यामुळे ते कॅम्पातही येईल आणि गल्लीतही. येऊ द्या. बेळगावात राहून, फौंड्रीत असो की बँकेत, ज्याला कन्नड येतं त्याचं चार ठिकाणी काम अडत नाही, हे तुमच्या मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मराठी माध्यमात मुलगा दहावीपर्यंत मराठीत परीक्षा देऊ शकतो, पण अकरावीला विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत येतं आणि पहिलं वर्ष दमछाक होते. ती दमछाक पहिलीत हवी की अकरावीत, यावर गच्चीवर बोला. माझं मत विचाराल तर गल्लीतली शाळा वर सांगितलेल्या तपासणीत टिकली, तर मी तिथं घालीन आणि वाचलेल्या पैशांत इंग्रजीची चांगली शिकवणी लावीन. पण मी तुमच्या घरात राहत नाही. तुम्हाला दोघांना मनापासून इंग्रजी शाळा हवी असेल आणि जागा मिळाली, तर घ्या आणि मग कुणासमोर खुलासे देत बसू नका. एकच अट, मुलगा ज्या शाळेत जाईल तिला त्याच्यासमोर नावं ठेवायची नाहीत. सासूबाईंनी कॉन्व्हेंटला नाही, तुम्ही गल्लीतल्या शाळेला नाही.

कॅलेंडरवरची तारीख उलटली आणि फोन आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलेल्या शाळेत नाव घाला, मुलाला घेऊन जा. त्याला हजेरीत स्वतःचं नाव लिहिताना बघू दे. पुढं किराणावाल्या काकांनी विचारलं तर त्याच्याकडे उत्तर असेल.

राहिले चाळीस हजार. नाही. कर्नाटकात डोनेशन घेऊन प्रवेश देण्यावर 1984 पासून कायद्याने बंदी आहे, पण ते बाजूला ठेवा, साधा व्यवहार बघा. जागा मिळाली तर तो म्हणेल मी मिळवून दिली, कदाचित ती वेटिंगवरूनच मिळाली असेल. नाही मिळाली तर पैसे परत मागायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार? दिरांच्या? मग आणखी एक अबोला. दिरांना दुखवायचं नसेल तर नाही म्हणू नका. तो माणूस घरी आला की चहा द्या आणि विचारा, ‘शाळेच्या नावाची पावती मिळेल काय?’ कप खाली ठेवून तो उठेल.

— तुमची ताई