नव्या, स्वस्त मोटारीच्या डॅशबोर्डमधून येणारा खडखडाट घरच्या घरी थांबवता येतो का?

होय, बहुतेक वेळा थांबवता येतो, कारण हा आवाज कठीण प्लास्टिकचे दोन भाग एकमेकांवर घासल्यामुळे किंवा क्लिप सैल झाल्यामुळे येतो, आणि सांध्यांमधले फेल्ट (दाबून केलेले जाड, मऊ कापड) व मऊ आवरण हीच स्वस्त मोटारींत खर्चासाठी सहज कमी केली जाणारी सामग्री असते. उन्हाने प्लास्टिक प्रसरण पावून फटी बदलतात, त्यामुळे सकाळचा आवाज दुपारी नाहीसाही होतो. ग्लोव्हबॉक्समधील नाणी आधी काढावीत (दोषी अनेकदा तीच असतात). मग खडबडीत रस्त्यावर दुसऱ्याला गाडी हळू चालवायला सांगून एकेक भाग तळहाताने दाबावा आणि आवाज थांबेल त्या फटीत फेल्टची चिकटपट्टी बसवावी. मात्र खड्ड्यात चाकाच्या बाजूने ठक्‌ठक्‌ येत असल्यास सस्पेन्शनचे बुश (चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या सांध्यांतील रबरी भाग) तपासून घ्यावेत.