ताई, कॅसिनोच्या हॉटेलात मी एकटी कशी राहू?

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. ऑफिस कामासाठी बाहेर पाठवतंय आणि राहायची सोय नेमकी कॅसिनो असलेल्या हॉटेलात आहे. लास व्हेगासला तर याला फारसा पर्यायच नसतो, जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला ऍमेझॉनची री-इन्व्हेंट ही क्लाउडची कॉन्फरन्स, यांचे बरेच कार्यक्रम भरतातच त्या कॅसिनो-रिसॉर्टमध्ये. आज जिच्याबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि नाव देत नाहीये.

पुण्यातली, पस्तिशीच्या आसपासची, आयटीत बारा वर्षं काढलेली बाई. माझ्यासमोर बसल्याबसल्या म्हणाली, ताई, व्हेगासला जायला मी ऑफिसला नाही म्हणून टाकू का? सासूबाई म्हणताहेत जुगाराच्या अड्ड्यात राहणार का, नवरा जा म्हणतोय पण रोज रात्री तिथल्या बातम्यांचे व्हिडिओ दाखवतोय, आणि मलाही झोप नाही.

मी तिला घाबरू नकोस असं म्हटलं नाही. ते वाक्य मला आवडतच नाही, कारण बाईची भीती बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या अनुभवावर उभी असते. तिचीही होती. दोन वर्षांपूर्वी ती इंदूरला क्लायंटकडे गेली होती, रात्री अकराला रूमचा फोन वाजला, कोणीतरी अनोळखी माणूस, मॅडम एकट्याच आहात का, जेवण झालं का, आणि ही जवळजवळ दहा मिनिटं त्याला नीट उत्तरं देत बसली. का, तर फोन आपटणं बरं दिसत नाही. मग रात्रभर दाराला खुर्ची लावून जागी. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मला तेव्हाच वाटलं की काम करायचंय ते व्हेगासवर नाही, या दहा मिनिटांवर.

आपल्याकडे मुलींना लहानपणापासून शिकवतात की कोणी विचारलं की उत्तर द्यायचं, हसून द्यायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण सांगायचं. आणि कारण सांगितलं की समोरचा त्या कारणावर वाद घालतो. म्हणून आम्ही दोन सेशन फक्त सराव केला. मी अनोळखी माणूस झाले, एकटी आलीयेस का विचारलं, पहिल्यांदा ती म्हणाली नाही नाही, मिस्टर येताहेत संध्याकाळी, आणि वर हसली. दुसऱ्यांदा खोटं बोलली नाही पण सॉरी म्हणाली. चौथ्या-पाचव्या वेळी नुसतं नो, थँक यू म्हणून खुर्चीतून उठली आणि दारापर्यंत चालत गेली, मागे न बघता. परत येऊन बसली तर हात थरथरत होते. मी म्हटलं थरथरू देत, आवाज नीट होता ना, तेवढं पुरे.

मग जागेबद्दल बोललो, कारण न बघितलेल्या जागेची भीती जास्त वाटते. तिथली मोठी हॉटेलं अशी बांधलेली असतात की रिसेप्शनवरून लिफ्टकडे जायचं तर बहुतेक ठिकाणी कॅसिनोतूनच जावं लागतं, खिडकी नाही, घड्याळ नाही, सिगारेटचा वास, रात्र की दिवस कळत नाही. म्हणजे रात्री दहाला तिथून चालणारी बाई म्हणजे जेवून रूमवर चाललेली बाई, तिकडे कोणी वेगळं काही समजत नाही. आणि तिला सगळ्यात धक्का याचा बसला की ज्या फ्लोअरला ती घाबरत होती तिथेच कॅमेरे, सिक्युरिटी आणि माणसं सगळ्यात जास्त असतात, चोवीस तास. सांभाळायचं ते लांबच लांब रिकाम्या कॉरिडॉरमध्ये आणि पार्किंगमध्ये. ऍपवरून बोलावलेली गाडी बऱ्याच हॉटेलांत पार्किंगच्या बाजूलाच येते, त्यामुळे रात्री मुख्य दारासमोरची टॅक्सीची रांग बरी. रस्त्यावर हात करून टॅक्सी तिथे थांबत नाही हे पण आधीच माहीत असलेलं चांगलं.

बाकी साध्या गोष्टी. रूम लिफ्टजवळची मागायची, शेजारच्या रूममध्ये उघडणारं मधलं दार नसलेली मागायची, नंबर मोठ्याने न बोलता लिहून द्या म्हणायचं. ग्लास टेबलवर सोडून उठायचं नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे हॉटेलच्या खोलीतून गोळीबार झाला, त्यानंतर अनेक हॉटेलांनी नियम बदलले, डू नॉट डिस्टर्बची पाटी लावली असली तरी स्टाफ रूम तपासायला येऊ शकतो. म्हणून दारावर टकटक झाली की लगेच वाईट शंका नको, पण लगेच दारही नको, आधी रूमच्या फोनवरून रिसेप्शनला विचारायचं. व्हेगास हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, म्हणजे रात्री साडेनऊला ती रूमवर पोचली की पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा, तेव्हा नवऱ्याला एक मेसेज. दिवसातून एकच, असं नवऱ्यालाही मी समोर बसवून सांगितलं, कारण दर तासाला कुठे आहेस विचारणं ही काळजी असली तरी तिच्या डोक्यावर ते ओझंच होतं.

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झालीच. आतली कडी लावलेली, तिने रिसेप्शनला फोन लावला, उत्तर येईपर्यंत दाराबाहेरचा माणूस थांबलेला, आणि हिला मनात सारखं वाटतंय बिचारा ताटकळतोय. हॉटेलचाच माणूस निघाला. तो रागावला नाही, उलट थँक यू मॅम म्हणाला. परत आल्यावर हे तिने मला दोनदा सांगितलं.

खरा प्रसंग तिसऱ्या रात्री आला आणि तो अनोळखी माणसाकडून नाही. तिच्याच कंपनीतले, दुसऱ्या शहरातले सीनियर, ज्यांना ती सर म्हणते. जेवण झाल्यावर म्हणाले, उद्याचं प्रेझेंटेशन माझ्या रूमवर बसून बघून घेऊ. ती म्हणाली, सकाळी आठला खाली कॉफी घेताना बघू सर. ते म्हणाले, अगं विश्वास नाही का माझ्यावर? हा प्रश्नच असा आहे की हो म्हटलं तर जावं लागतं आणि नाही म्हटलं तर आपण वाईट. तिने दोन्ही म्हटलं नाही. सकाळी आठ, सर. तेच वाक्य, दुसऱ्यांदा. मग ते लिफ्टकडे निघाले तर ही त्यांच्याबरोबर गेली नाही, मजला कळू द्यायचा नव्हता, लिफ्टपाशी कार्ड तपासणाऱ्या गार्डच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मागे स्लॉट मशीनचा तो सगळा गोंगाट. पंधरा मिनिटं. मग वर गेली, कडी लावली, मेसेज केला आणि झोपली.

आल्यावर विचारत होती, ताई, एवढ्याशा गोष्टीची तक्रार होते का, त्यांनी हात तर लावला नाही. मी तिला माहिती दिली, ठरवणं तिचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी गेलेली जागाही कामाचीच जागा धरलीय, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. तोपर्यंत तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे लिहून ठेव म्हटलं. तिने लिहिलंय, सकाळी आठ सुद्धा. मॅनेजरला सांगून एक गोष्ट तिने करून घेतलीय, यापुढे प्रवासात कुठलंही काम कोणाच्या रूमवर होणार नाही. तक्रारीचं अजून ठरलेलं नाही, दीड महिना उरलाय, गुरुवारी ती परत येतेय.